टोकियोचे मांजू

"तोमिझोसान, तुमची फुमिए अजून त्या रडक्या लोकलनंच येते?" स्टेशनच्या तिकीट-फाटकाबाहेर उभ्या कुसाकांनी हातपंखा हलवत विचारलं. "दोनदा गाडी बदलून? अरेरे!"

तोमिझो नुसते हसले. पितरांचा ओबोन सण होता, लेक येणार होती, त्यांना तेवढं पुरत होतं. कुसाकांना काहीच पुरत नव्हतं.

कुसाका गावचे मिठाईवाले. मिझुशिरोला बुलेट ट्रेन थांबावी म्हणून त्यांनी अर्धं आयुष्य साहेबांपुढे कमरेत वाकण्यात घालवलं. ध्यास एकच: गाडी थांबली की टोकियोला गेलेला मुलगा नाओतो येऊन-जाऊन राहील, पुढेमागे दुकान सांभाळील. शेवटी भातशेतांत काचेचं स्टेशन उभं राहिलं. सरकत्या जिन्यावर माणूस नसे, जिना मात्र इमानानं सरकत असे. लोकलच्या फलाटावर गवत माजलं. बुलेट निघून जाईपर्यंत लोकलनं बाहेर ताटकळायचं. कुसाकांनी तर बुलेटच्या नाकाचा छाप मारलेले मांजू, म्हणजे गोड सारणाचे वाफवलेले बन, काढले आणि फाटकाच्या आतल्या दुकानात विकायला ठेवले. गाव त्यांना हसलं, पण मांजू खाल्ले.

बुलेट आली. नाओतो एकटाच उतरला. आत जरा रेंगाळला, मग घाईघाईनं फाटकाबाहेर आला आणि बापाच्या हातात पिशवी कोंबली.

"बाबा, काय सोय करून ठेवलीत हो! भेट झाली, आता पुढच्याच गाडीनं परत. पूर्वी यायचं म्हणजे चार दिवस मोडायचे."

"घरी तरी...?"

"पुढच्या वर्षी नक्की."

वाकून नमस्कार करून तो आत गेलासुद्धा. ओबोनला मेलेले पितरदेखील तीन दिवस मुक्काम करतात.

मग लोकलला वाट मिळाली. फुमिए उतरली, दोन पोरं, चार बोचकी, आठवडाभराचे कपडे. पोरं आजोबांच्या गळ्यात पडली. त्यांना सोडवत तोमिझोंनी विचारलं, "नाओतोनं काय आणलं?"

कुसाकांनी पिशवीतला खोका काढला. कागद ओळखीचा होता. त्यावरची अक्षरं त्यांनी स्वतः कुंचल्यानं काढली होती. आत ओळीनं बुलेटची नाकं, आज पहाटेच त्यांच्या हातानं उठवलेली.

"टोकियोचे मांजू," कुसाका म्हणाले.

तोमिझोंनी एक उचलला. सावकाश चावून खाल्ला.

"वा! टोकियोवाल्यांच्या हाताला चव आहे हो."