तेवढं फक्त काढा

“बाई, उद्यापण तुम्हीच येणार ना?”

सातवीतली ओवी दारापर्यंत धावत आली होती. तहसीन हसली. नोकरीसाठी घ्यायचा नमुना पाठ नुकताच संपला होता. भरती-ओहोटी शिकवताना तिने पुस्तक उघडलंच नव्हतं. कोणाच्या घरी होडी आहे विचारून त्याच मुलांना पुढे बोलावलं होतं आणि त्यांनाच चंद्र नि पृथ्वी करून वर्गभर फिरवलं होतं. मागच्या बाकावर बसलेल्या मुख्याध्यापिका सुनेत्राबाई टिपणं घ्यायला विसरून गेल्या होत्या.

“उद्याचं अजून ठरायचंय,” तहसीन म्हणाली.

व्हरांड्यातल्या बाकावर तिची आई हमीदा बसली होती. दोघी सकाळच्या एसटीने पूर्णगडहून रत्नागिरीला आल्या होत्या. पाठ कसा झाला, हमीदाने नजरेनेच विचारलं, तहसीनने मान डोलावली आणि सुनेत्राबाईंच्या मागोमाग ऑफिसात गेली.

संस्थेचे सेक्रेटरी शार्दूल सुर्वे खुर्चीत रेलून बसले होते. वय तिशीचं, बोलणं गोड.

“पाठ फार छान झाला म्हणे. आम्हाला अशीच विज्ञान शिक्षिका हवी होती.” मग त्यांनी स्वतःच्या डोक्याभोवती हात फिरवला. “हे तेवढं फक्त काढा. गेटमधून आत आलात की काढायचं, जाताना पुन्हा बांधायचं.”

“स्कार्फ नाही काढणार, सर.”

“अहो, माझं काही नाही. पालक विचारतात.”

“मुलांनी नाही विचारलं. सगळा तास माझ्यासमोर होती.”

शार्दूल सुर्वे पुढे झुकले. आवाज हळू केला. “घरून सक्ती असेल तर मोकळेपणी सांगा. आम्ही बोलतो त्यांच्याशी.”

“अम्मी बाहेरच बसलीय. तिलाच विचारा.”

हमीदा आत आली. तिचा पदर खांद्यावर होता आणि अंबाड्यात माळलेला अबोलीचा वळेसर. सुर्वे क्षणभर दाराकडेच बघत राहिले, आणखी कोणी येतंय का म्हणून.

“तुम्ही सांगा ना हिला,” ते म्हणाले. “शाळेपुरता स्कार्फ काढायला.”

“मी?” हमीदाला हसू आलं. “मी तर एसटीत बसल्यापासून तेच सांगतेय. काढ गो बाय, नोकरी तर लागू दे. माझ्या सासूने कधी बांधला नाही, मी बांधला नाही. कॉलेजात असताना हिचं हिलाच सुचलं. माझं कुठे ऐकते!”

“बघा. आईसुद्धा तेच म्हणतेय.”

तहसीनच्या कानशिलांना चटका बसल्यासारखं झालं. ही जागा बऱ्याच दिवसांनी निघाली होती. दुसरी कधी निघेल, कोणास ठाऊक. तिने एकदा आईकडे पाहिलं.

“अम्मीशी मी घरी भांडेन,” ती म्हणाली. “पण काढणार नाही.”

सुर्व्यांनी खुर्ची मागे सरकवली. “कमाल आहे. आईने काय काय करून शिकवलं असेल तुम्हाला. आणि तुम्ही हातची नोकरी घालवताय. कशासाठी? एका फडक्यासाठी!”

हमीदाचं हसू गेलं.

“काय म्हणालात?”

“नाही, तुमच्याच बाजूने बोलतोय मी.”

“माझ्या बाजूने नका बोलू.” ती टेबलाजवळ आली. आवाज चढला नव्हता, पण व्हरांड्यातून जाणारा शिपाई धोंडू जागच्या जागी थांबला. “मी काढ म्हणेन, ती नाही म्हणेल. आम्ही भांडू नि रात्री एका ताटात जेवू. मी आई आहे तिची. तुम्ही तिला विज्ञान येतं का ते बघायला बोलावलंत. ते बघून झालं असेल, तर येतो आम्ही.”

मग सुर्वे सुनेत्राबाईंकडे वळले. “पाठ समाधानकारक नाही असा शेरा मारून टाका, मॅडम.”

सुनेत्राबाईंनी पेनाला टोपण लावलं.

“पाठ उत्तम झाला, एवढंच मी लिहिणार. नोकरी का दिली नाही ते तुम्ही लिहा. तुमच्या सहीने.”

नोकरी अर्थात मिळाली नाही. गेटबाहेर आल्यावर तहसीन शाळेभोवतीच्या जांभ्याच्या गडग्याला टेकून उभी राहिली. डोळे भरून आले होते आणि ते आईला दिसू नयेत म्हणून ती रस्त्याकडे बघत होती.

“मला वाटलं, तू त्यांचंच ऐकशील.”

“मी कोणाचं ऐकत नाही. तूपण नाही ऐकत. कुणावर गेलीस!” हमीदाने पिशवीतून पाण्याची बाटली काढून दिली. “पी. माळनाक्यापाशी एक शाळा आहे ना? तिथे जागा आहे का विचारू. आता आलोच आहोत तर.”

“तिथेही हेच म्हणतील, अम्मी.”

“म्हणू देत. त्यांच्या तोंडून ऐकू.”

भाट्याच्या किनाऱ्याकडून खारा वारा येत होता. स्कार्फ एका अंगाला घसरला होता आणि कपाळावर बटा आल्या होत्या. तहसीनने हात वर नेला. हमीदाने तो खाली केला. पिन काढून स्वतःच्या ओठांत धरली, लेकीच्या बटा आत सारल्या आणि असलं काम कधी केलं नसल्याने दोनदा चुकत, तिसऱ्यांदा स्कार्फ घट्ट बसवला.