दोन यंत्रांच्या कचाट्यातलं गाणं

इंदुताईंनी गॅलरीत सूर लावला, पण चौकात चिटपाखरालाही ऐकू गेला नाही. शेजारच्या दिघ्यांचं आवाजखाऊ यंत्र ताईंच्या आवाजाच्या प्रत्येक लाटेच्या उंचवट्यावर तेवढाच खड्डा पाठवी आणि सगळं सपाट करी. साठीनंतर हौसेनं गाणं शिकून ऐकायला कुणीच नाही, म्हणून ताई हिरमुसल्या.

दिघ्यांकडे आहे म्हटल्यावर समोरच्या मोकाशींनीही तसंच यंत्र आणून सुरू केलं. दिघ्यांचा खड्डा उंचवट्यात जिरला, मोकाशींचा शिल्लक राहिला. कानाला खड्डा काय, उंचवटा काय, दोन्ही सारखेच. ताईंचा आवाज चौकभर घुमला.

“मोकाशी, तुमचं बंद करा, म्हणजे शांतता होईल.”

“तुमचं केलं तरी होईल, दिघे. माझं नवं आहे.”

दोघांपैकी कुणीही हटणार नाही, हे ताईंना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी मांडी सावरली आणि सावकाश मोठा ख्याल धरला.