वाळू दे, मग बघू

"ही खोली तुझी गं बाई. रंग तुझ्या मनाचा दे." सासूचा, बानाबाईंचा, तो आवाज मंजुळेला अजून ऐकू येई. तेव्हा तिच्या अंगाची हळदही उतरली नव्हती. तिनं चुन्यात पिवडी कालवली होती. सकाळचं ऊन भिंतीवर येऊन बसावं, तसा रंग आला होता.

ती पिवडी आज तिनं स्वतःच्या हातानं खरवडली. नव्या नवरीला नवा रंग हवा. गुलमंडीवर घोंगड्या विकणाऱ्या तिच्या नवऱ्याला, त्रिंबकला, लेकरू हवं होतं. लासूरची पोरगी ठरली होती. उद्या वऱ्हाड निजामाच्या आगगाडीनं येणार. मंजुळेची वळकटी कालच माजघरात गेली. नवस करून झाले, मुळ्या उगाळून झाल्या, उपास झाले. ती भांडली नाही. भांडायलाही अंगात ओल लागते.

दोन गाडग्यांत चुना भिजत होता. एकात निळीची चिमूट, दुसऱ्यात निळसर मोरचुदाची. भिंतीवर शेजारी शेजारी पट्टे ओढले, तर पाठच्या बहिणी उभ्या राहाव्यात तसे दिसले.

"कुठला देऊ, आत्याबाई?"

बानाबाई उंबऱ्यात बसून होत्या. "वला चुना फसवतो. वाळू दे, मग बघू."

वाळला. "निळीचा फिका वाटतोय. आनखी चिमूट टाक." टाकली. पुन्हा वाळला. "मोरचुदाचाच बरा व्हता का गं?" भिंत ठिगळांनी भरली. चुन्यानं मंजुळेची बोटं फुटली.

शेजारची सरूबाई डोकावली. "सवतीच्या खोलीला येवढी निवड व्हय? फासा की कायबी. का लासूरकर वल्या भिंतीला टेकून बसणार हायेत?"

"बसू दे," बानाबाई म्हणाल्या. "पाठ त्यांची रंगंल. तुझी तर नाय ना?"

सरूबाई हसत गेली. मंजुळेला हसू आलं नाही. सवतीची खोली सुनेकडून रंगवून घ्यायची, तीही अशी टोचून टोचून. म्हातारीला आणखी किती सूड उगवायचाय, तिला कळेना.

उन्हं कलली. दोन्ही पट्टे एकच दिसू लागले. तिनं कुंचा खाली ठेवला.

"मला आता ह्यो कुठला अन् त्यो कुठला, कळंना झालंय. तुम्हीच बोट ठेवा, आत्याबाई. नायतर ऱ्हाऊ द्या, पोरगी अशाच भिंतीत नांदंल."

बानाबाई उठल्या. बोट भिंतीकडे नेलं. ते दोन्ही पट्ट्यांच्या मधेच थांबलं.

"केवढी हाय गं ती?"

"पंधरावं लागलंय म्हणत्यात."

"मंग तिलाबी मुळ्या उगाळाव्या लागत्याल. उपास करावं लागत्याल." बोट खाली आलं. बानाबाईंनी दार लोटून घेतलं. सुनेकडे न बघता, भिंतीशीच बोलावं तसं त्या म्हणाल्या, "त्रिंबक ल्हान असताना त्याला गालगुंडं झाली, ती खाली उतरली. ह्याला लेकरू व्हायचं नाय, असं हकिमांनी मला तवाच सांगितलं व्हतं, मंजुळे."