हिटर परत नेल्यावर

बाळंतिणीच्या खोलीत शेगडीऐवजी विजेचा हिटर आला, तेव्हा आईने त्यालाही हळदकुंकू लावलं. पुढच्याच आठवड्यात कंपनीचा माणूस तो परत न्यायला आमच्या प्रताप नगरच्या घरी हजर.

"काहून गा? चांगला तर गरम होते," आई म्हणाली.

"जास्तच होते, माय. आग लागून राहिली लोकांकडे. आतून टिकटिक येते तोवर डर नाही. थांबली का भडकते."

त्याने हिटर ओल्या पोत्यात गुंडाळला आणि तान्ह्या पोरासारखा मांडीवर घेऊन सायकलरिक्षाने नेला.

संध्याकाळी खोलीत टिकटिक सुरूच होती.

साहजिकच सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बारशाच्या पेढ्यांत साबणाची वडी ठेवणारा मीच होतो.

"भाऊजी, खिसे दाखवा," बाळंतीण गोपिकावहिनी म्हणाली.

खिशात शेंगदाणे निघाले. ते वाजत नव्हते. मग आईने भिंतीवरचं घड्याळ अंगणात ठेवलं, माझं मनगटी घड्याळ तांदळाच्या डब्यात पुरलं. टिकटिक जशीच्या तशी.

"बरंच आहे," मी म्हणालो. "येऊन राहिली तोवर डर नाही."

कोणी हसलं नाही. उलट ती नीट ऐकू यावी म्हणून सगळे गप्प झाले.

वहिनीने विजेच्या बटणाला कान लावला, मग कपाटाला, मग खाटेला. शेवटी पाळण्यावर वाकून तिने दुपटं बाजूला केलं आणि झोपलेल्या बाळाच्या छातीवर कान टेकवला.

"भाऊजी," ती हळूच म्हणाली, "इथून येऊन राहिली. हसू नका."

मी हसत नव्हतो.

टिकटिक थांबली.