पेद्रोसोचा होम रन

हवानाच्या आमच्या पार्कात सकाळपासून बेसबॉलवरून भांडणं चालतात. त्या दिवशी म्हातारा एवेलियो बाकावर चढून आमच्या संघाचा जुना खेळाडू पेद्रोसो याचा फायनलमधला होम रन सांगत होता. "शेवटची इनिंग, गुडघा सुजलेला, वर पाऊस! आपल्या पेद्रोसोनं असा हाणला, असा हाणला, की चेंडू दिव्याच्या खांबावरून गेला तो अजून खाली आलेला नाही!"

मागून कुणीतरी खाकरलं. बघतो तर खुद्द पेद्रोसो! केस पांढरे, हातात काठी, पण तोच. आमच्यातले दोघं-तिघं तर रडायलाच लागले.

"एक सांगू का?" तो ओशाळून म्हणाला. "त्या दिवशी माझा फटका समोर चेंडू टाकणाऱ्या पिचरपर्यंत जेमतेम गेला. मी आउट झालो. फायनल हरलो आपण."

एवेलियो बाकावरून खाली उतरला.

"तुम्ही तेव्हा कुठं होतात?"

"मैदानात."

"मग तुम्हाला काय दिसणार, कपाळ? डोळ्यांत पाऊस, डोळ्यांत घाम! आम्ही वर स्टँडमध्ये होतो. आम्ही डोळ्यांनी पाहिलंय."

"मी तर तेव्हा जन्मलोही नव्हतो," आमच्यातला पोरगा ओस्मानी म्हणाला, "पण मलासुद्धा आठवतंय!"

पेद्रोसोनं एकेकाचं तोंड पाहिलं. कुणीही हटायला तयार नव्हतं. आम्ही सरकून त्याला बाकावर जागा दिली, हातात शेंगदाण्याची पुडी दिली. त्यानं दोन दाणे तोंडात टाकले आणि एवेलियोकडे झुकून हळूच विचारलं,

"बरं, मग पुढं काय केलं मी?"