लाल फडकं

पुलाच्या सतरा फळ्यांपैकी वरच्या टोकाच्या नऊ तिनं काढल्या होत्या. पुलाच्या खालच्या टोकाशी बसून ती नव्या फळ्या कापत होती, तेवढ्यात वर झाडीतून टिकटिक ऐकू आली. आधी वाटलं, एखादा किडा असेल. पण किडा काही वळणं घेत खाली येत नाही. पायडल न मारता उतारावर सोडलेली सायकल होती.

वाट तर बंद होती. वाट बंद असली की तिच्या तोंडाशी झाडाला लाल फडकं बांधायचं, ही या डोंगरातली रीत. माथ्यावर, जिथून सायकलवाले सुटतात, तिथं तिनं सकाळीच ते बांधलं होतं. मग हा कोण? घाम पुसायला तिनं खिशात हात घातला आणि हाताला दुसरं फडकं लागलं. ते आडवाटेच्या तोंडाला बांधायचं राहिलं होतं.

ती आडवाट नकाशावर नव्हती. या डोंगरातल्या सगळ्या सायकलवाटा तिच्या वडिलांनी आखलेल्या, आणि ही एक त्यांनी फक्त स्वतःसाठी खोदलेली. ती पुलाच्या थोडी वर मोठ्या वाटेला मिळायची. सत्तरी ओलांडली तरी दुपारी जेवण झालं की स्वारी सायकलवर. आता पुरे करा, असं ती चार वर्षं सांगत होती आणि ते ऐकत नव्हते. त्यात निम्मा दोष हट्टाचा, निम्मा कानांचा. कानांनी कधीच रामराम ठोकला होता. म्हणजे हाका मारून उपयोग नव्हता. त्यात पुलावर ब्रेक लावायचा नाही, ओलं लाकूड दगा देतं, हा धडा त्यांचाच. येणार ते भरधाव येणार होते.

ती ओढ्यात उतरली, खरं तर पडलीच. गुडघा फुटला. मुळं धरून पलीकडच्या काठावर चढत असताना टिकटिक थांबली. टिकटिक थांबली म्हणजे सायकल थांबली नव्हती. त्यांनी पायडल मारायला घेतलं होतं.

वर पोचून ती वाटेच्या मधोमध हात पसरून उभी राहिली. ते धडकले तर दोघंही खाली जाणार, हे तिला कळत होतं. पण पाय हलेनात. त्यात शौर्य काही नव्हतं, नुसती भीती होती.

वडील वळणावरून आले, तिला पाहिलं आणि दोन्ही ब्रेक आवळले. सायकल आडवी झाली. ते एका अंगावर घसरत तिच्या पायांशी येऊन थांबले. सायकल मात्र तिच्या बाजूनं पुढं गेली, फळ्या नसलेल्या जागेतून खाली पडली आणि दगडांवर आपटली.

ते उठून बसले. कोपर सोलवटलं होतं, बाकी धड होते. बराच वेळ त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "आडवाटेला फडकं नव्हतं का गं?"

नव्हतं. एवढंच म्हणायचं होतं. पण ज्यांनी तिच्या हातात पहिली कुदळ दिली, पहिलं फडकं बांधायला शिकवलं, ते समोर बसून तिच्या तोंडाकडे बघत होते आणि तिची पाचावर धारण बसली होती.

"होतं, बाबा," ती म्हणाली. त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मुलीच्या कामावर त्यांनी कधी शंका घेतली नव्हती.

"कान गेले ते कळलं होतं," ते म्हणाले. "डोळ्यांचं नव्हतं कळलं."

त्यांनी हेल्मेट काढून तिच्याकडे दिलं. सायकल वर काढायची घाई नको, म्हणाले, आता कुणाला लागतेय. चार वर्षं ती जे मागत होती ते असं हातात आलं होतं, आणि ते तिला धरवत नव्हतं. घरी जायला आडवाट जवळची, पण तिनं त्यांना मोठ्या वाटेनं नेलं. खरं सांगून टाकावं असं दर पावलाला वाटत होतं, आणि दर पावलागणिक ते अवघड होत होतं.

चढावर त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. आधी कधी ठेवला नव्हता. भर दुपार होती, ऊन लख्ख पडलं होतं. वाटेत एक जाडजूड मूळ आडवं आलं, तसे ते त्याच्या अलीकडेच थांबले. चाचपत पाय पुढं केला, मागं घेतला.

"इथं काही आहे का गं?" त्यांनी मुळाकडे बघतच विचारलं.