कारणे दाखवा

अमेरिकेतल्या फार्गोच्या केंद्रीय न्यायालयात न्यायाधीश आर्विड लुंडीन नोटिसांवर भराभर सह्या करत होते. ज्युरीत बसायचं बोलावणं जाऊनही जे नागरिक फिरकले नाहीत, त्यांना त्या जायच्या होत्या.

"साहेब, नावं तरी वाचा," त्यांची कारकून डेलोरिस म्हणाली. "एखाद्या दिवशी मलाच समोर उभी कराल!"

"नावं वाचत बसलो तर खटले तू चालवणार का?"

त्यांची बायको मार्जेट जाऊन जेमतेम महिना झाला होता. त्या दिवशी हॉस्पिटलमधून तिने दोनदा निरोप धाडला होता, "आर्विडला म्हणावं, आज लवकर ये." साक्ष अर्धवट टाकून उठायचं कसं, म्हणून ते कोर्ट संपल्यावर गेले. तोवर तिचा पलंग रिकामा झाला होता.

सह्या केल्या त्याच्या चौथ्या दिवशी घरच्या टपालपेटीत कोर्टाचा लिफाफा आला. आत मार्जेटच्या नावाची नोटीस होती आणि खाली सही त्यांचीच.

दारातच उभं राहून त्यांनी ती पहिल्यांदा नीट वाचली.



'बोलावणं पोहोचूनही तुम्ही हजर का राहिला नाहीत?'